अहो, पहिलाच भाग साहेबांकडे होता!

थांबा, थांबा, कुठे निघालात? बसा आधी! चहा नंतर टाकू. मला एक गोष्ट सांगायचीय आणि ती आत्ताच सांगायचीय, कारण घरात सगळ्यांना सांगून झालीय, शेजारी सांगून झालीय, आणि हल्ली मी तोंड उघडलं की आमचे हे इअरफोन शोधायला लागतात. आता तुम्हीच उरलात!

डेव्हिड फ्रॉस्ट माहितीय ना? माहितीय हो! वॉटरगेटनंतर रिचर्ड निक्सनला समोर बसवून ज्यानं बोलतं केलं, तोच तो. साल १९७७. त्यावर 'फ्रॉस्ट/निक्सन' हा सिनेमाही निघाला २००८ मध्ये. निक्सनला त्यानं मुलाखतीचे सहा लाख डॉलर कबूल केले होते, आणि अमेरिकेतल्या मोठ्या वाहिन्या ती घ्यायला तयार नव्हत्या, तर पठ्ठ्यानं स्वतःच ती विकली! सहा लाख! त्या काळातले! पण ते जाऊ दे. निक्सनला जरा बाहेर बसवा. आज मला निक्सन नकोच आहे. फ्रॉस्ट विनोदी कार्यक्रमांचा निर्माता होता, हे माहीत होतं तुम्हाला? मला नव्हतं! मला वाटायचं, हा माणूस सुटाबुटातच जन्मला आणि जन्मल्याबरोबर नर्सला कठीण प्रश्न विचारायला लागला.

तर हा फ्रॉस्ट २०१३ च्या ऑगस्टमध्ये, ३१ तारखेला, समुद्रात, जहाजावर गेला. हृदयविकाराचा झटका. आणि पुढच्या वर्षी, ऑक्टोबर २०१४ मध्ये, ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटनं जाहीर केलं की फ्रॉस्टच्या संग्रहातून दोन भाग मिळालेत. कशाचे भाग? 'ॲट लास्ट द १९४८ शो' नावाच्या कार्यक्रमाचे. जे भाग जगात कुठेच उरले नाहीत असं समजून लोक हळहळत होते, ते! आणि त्या दोनांतला एक कुठला असेल? पहिला! अगदी पहिलावहिला! १५ फेब्रुवारी १९६७ ला लागलेला! सत्तेचाळीस वर्षं जो कोणाला सापडला नाही तो भाग खुद्द कार्यकारी निर्मात्याच्या संग्रहात! हे वाचलं तेव्हा मी एकटीच ओरडले, "साहेबांकडेच होता की हो!"

बरं, आधीच सांगून टाकते, मी यातली कोणी जाणकार वगैरे नाही. ब्रिटिश टीव्हीचा इतिहास विचाराल तर माझी पाटी कोरी. टेपा, रिळं, ४०५ रेषांचं चित्र, हे सगळं मला आत्ता आत्ता कळलंय आणि निम्मं उद्या विसरेन. पण आज आठवतंय ना! म्हणून आजच ऐका.

तर हा कार्यक्रम कोणाचा, ते ऐकून आधी बसल्या जागी घट्ट बसा. जॉन क्लीझ! ग्रॅहम चॅपमन! मॉन्टी पायथन या गाजलेल्या विनोदी चमूतले दोघे, पायथनच्या दोन वर्षं आधी! शिवाय टिम ब्रूक-टेलर, जो पुढे 'द गुडीज'मध्ये गाजला. शिवाय मार्टी फेल्डमन, ज्याचे डोळे एक पूर्वेला तर एक पश्चिमेला, तो 'यंग फ्रँकेन्स्टाइन'मधला कुबडा नोकर! आणि मधूनमधून पडद्यावर येऊन हा सगळा कार्यक्रम जणू आपल्यासाठीच चाललाय अशा थाटात गोड हसणारी एमी मॅकडॉनल्ड! मार्टी तोपर्यंत लेखक होता, रेडिओसाठी लिहायचा, फ्रॉस्टच्या कार्यक्रमांसाठी लिहायचा. क्लीझला तो पडद्यावर हवा होता. फ्रॉस्टला मात्र त्याच्या दिसण्याची धाकधूक होती म्हणे, प्रेक्षक दचकतील की काय! आणि मग तोच मार्टी कॅमेऱ्यासमोर आला आणि मग वर्षभरात त्याच्या नावाचा स्वतंत्र कार्यक्रम निघाला आणि मग थेट हॉलिवूड! डोळ्यांसकट!

नावाची गंमत अशी सांगतात की टीव्हीतल्या वरिष्ठ मंडळींना निर्णय घ्यायला इतका वेळ लागतो की १९४८ चा कार्यक्रम एकदाचा १९६७ साली लागला. एकोणीस वर्षं! आपल्याकडच्या कुठल्याही कचेरीत हे नाव पाटीवर रंगवून लावता येईल. कोणी दचकणारसुद्धा नाही.

या सगळ्यामागे फ्रॉस्ट. कंपनी त्याची, नाव पॅराडाइन प्रॉडक्शन्स. आणि पॅराडाइन म्हणजे काय? त्याचंच मधलं नाव! डेव्हिड पॅराडाइन फ्रॉस्ट! हे कळल्यावर मला उगाचच इतका आनंद झाला! तेव्हा त्याचं वय किती? जन्म एप्रिल १९३९, म्हणजे पहिला भाग लागला तेव्हा अठ्ठावीसही पूर्ण नाहीत! आणि आदल्या वर्षी बीबीसीवर 'द फ्रॉस्ट रिपोर्ट' सुरू झाला होता, त्याच्या लेखकांत क्लीझ, चॅपमन, एरिक आयडल, मायकेल पेलिन, टेरी जोन्स, म्हणजे पायथनमधले पाच जण! पाच! सहावा टेरी गिलियम तेवढा राहिला. या माणसाला कोण काय होणार ते आधीच कळायचं का हो? की नुसतंच नशीब? मी दोन्ही बाजूंनी भांडू शकते.

मग एवढी माणसं, एवढा कार्यक्रम, दोन मालिका मिळून तेरा भाग, आणि ते हरवलेच कसे? इथेच माझी झोप उडाली!

हरवले नाहीत. पुसले! मुद्दाम! पगारी माणसांनी!

त्या काळची व्हिडिओ टेप दोन इंच रुंद. दोन इंच! आपल्या कॅसेटच्या टेपची रुंदी डोळ्यांपुढे आणा आणि मग ही आणा. आणि ती सेकंदाला पंधरा इंच पळायची. मी हिशेब केला, वहीत, बेरजा-गुणाकार करून. तासाभराला साडेचार हजार फूट! रिळाचं वजन काय असेल! आणि टेप महाग. इतकी महाग की एकदा दाखवून झालं की पुसायची आणि तिच्यावरच नवीन भरायचं. पुन्हा कोण बघणार? घरोघरी व्हिडिओ नाहीत, पुन्हा दाखवायचं तर कलाकारांच्या संघटनेशी पैशांची बोलणी, आणि रंगीत टीव्ही येऊ घातलेला, मग हे कृष्णधवल कोणाला हवंय? त्यांच्या जागी मी असते तर मीही पुसलं असतं, खरं सांगते. जागा भरली की मी फोनमधले फोटो नाही का पुसत!

आणि वर आणखी एक. हा कार्यक्रम दाखवणारी लंडनची रेडिफ्यूजन कंपनी. १९६८ पासूनचे परवाने नव्यानं वाटले गेले आणि मग रेडिफ्यूजनला एकटीला परवाना मिळालाच नाही आणि मग दुसऱ्या कंपनीबरोबर तिची मोट बांधून थेम्स टेलिव्हिजन नावाची नवी कंपनी उभी राहिली आणि मग जुन्या घरातल्या टेपांना वाली कोण? कोणीच नाही! घर विकताना माळ्यावरच्या ट्रंकांचं जे होतं तेच झालं.

मग वाचलं काय? स्वीडननं वाचवलेलं! हो, स्वीडन! तिथल्या टेलिव्हिजनसाठी निवडक स्किट जोडून पाच भाग तयार केले होते, आणि ते तिकडे टिकले. म्हणजे लंडनमध्ये बनलेला विनोद लंडननं पुसला आणि स्टॉकहोमनं जपला! पुढं कित्येक वर्षं लोकांनी हा कार्यक्रम पाहिला तो या स्वीडिश गाठोड्यातूनच. क्रम गेलेला, मधलं काय काय गेलेलं, पण होता!

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय आहे त्यात? तर ऐका. पुस्तकाच्या दुकानाचं स्किट. क्लीझ दुकानदार. उंच, ताठ, सभ्य. मार्टी गिऱ्हाईक. हा येतो आणि एकेक अशी पुस्तकं मागतो जी जगात नाहीत. दुकानदार नम्रपणे नाही म्हणतो. हा पुढचं मागतो. दुकानदार नाही म्हणतो, पण आता त्याचे ओठ किंचित आवळलेत! मग हा पक्ष्यांचं एक पुस्तक मागतो, तेवढं दुकानात आहे! दुकानदाराचा चेहरा उजळतो! पण गिऱ्हाइकाला त्यातला एक समुद्रपक्षी नकोय. नको म्हणजे नको. का? तर तो स्वतःचं घरटं ओलं करतो, म्हणून आवडत नाही! आणि मग दुकानदार, तो सभ्य दुकानदार, ते पान टर्रकन फाडतो आणि पुस्तक पुढं करतो आणि मग गिऱ्हाईक ते उलटंपालटं करून म्हणतं की हे घेता येणार नाही, हे फाटलेलं आहे!

मी उशीत तोंड खुपसून हसले. रात्रीची वेळ, भिंती पातळ!

आणि अजून संपलं नाही. शेवटी कळतं की गिऱ्हाइकाकडे पैसेच नाहीत. दुकानदार स्वतः भरतो. मग कळतं की याला वाचताच येत नाही! तेव्हा तो लांबच लांब क्लीझ त्याला मांडीवर बसवून वाचून दाखवायला लागतो. मार्टीचा चेहरा बघा त्या क्षणी. मी मागे नेऊन नेऊन बघितला. मला क्लीझपेक्षा मार्टी जास्त आवडला, हे तुम्हाला हळूच सांगते, क्लीझभक्तांना सांगू नका. क्लीझ चिडतो ते छानच चिडतो, पण मार्टी काहीही न करता समोरच्याला वेडा करतो, आणि ते जास्त अवघड आहे असं माझं अडाणी मत.

आणि चार यॉर्कशायरवाले! हे तर तुम्ही पाहिलेलं असणारच, पायथनचं म्हणून पाहिलेलं असणार. पायथनचं नाही ते! इथलं आहे! १९६७ चं! पायथनवाल्यांनी नंतर रंगमंचावर केलं म्हणून त्यांच्या नावावर जमा झालं, आणि बिचारे टिम आणि मार्टी लोकांच्या आठवणीतून गळाले. चार श्रीमंत म्हातारे. उंची कपडे. हातात वाइन. आणि लहानपणी आपण किती गरीब होतो याची चढाओढ! एक म्हणतो, आम्ही इतके जण एका खोलीत राहायचो. दुसरा म्हणतो, खोली? चैन होती तुमची! असं करत करत जमिनीतल्या खड्ड्यापर्यंत जातात. अहो, लग्नाच्या पंगतीनंतर सतरंजीवर बसलेले आपले काका लोक! एक म्हणतो, आम्ही अनवाणी शाळेत जायचो. दुसरा म्हणतो, तुम्हाला शाळा तरी होती! मी हे स्किट आईला दाखवलं. तिला इंग्रजीतलं अवाक्षर कळलं नसेल, पण तिनं एकाकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "हा आपला दादा." झालं! यापुढं मी काय समीक्षा करणार?

     

तर फ्रॉस्टच्या संग्रहातले दोन भाग. दर वर्षी लंडनला 'मिसिंग बिलीव्ह्ड वाइप्ड' असा कार्यक्रम भरतो. १९९३ पासून. हरवलेलं जे जे त्या वर्षी सापडलं ते ते मोठ्या पडद्यावर दाखवतात, आणि माणसं तिकीट काढून येतात! जुना जाहिरातींचा तुकडा सापडला तरी टाळ्या वाजवतात! मला तिथं जायचंय! मला त्या गर्दीत बसून कुठल्या तरी विसरलेल्या स्किटला टाळ्या वाजवायच्यात! २०१४ च्या डिसेंबरात तिथं हे भाग लागले. विचार करा, एवढ्या वर्षांपूर्वी एका बुधवारी दिवाणखान्यातल्या छोट्या खोक्यावर लागलेला विनोद भल्यामोठ्या पडद्यावर, आणि त्यातले चॅपमन आणि मार्टी कधीच गेलेले. मार्टी १९८२ मध्ये, चॅपमन १९८९ मध्ये. आणि फ्रॉस्ट आदल्याच वर्षी. ज्याच्याकडे भाग होते त्याला ती रात्र बघायला मिळाली नाही. याचं मला जरा वाईट वाटलं. जरासंच, कारण लगेच पुढचं सापडलं!

कारण मग मी शोधत सुटले की आणखी कोणाकोणाकडे काय काय होतं! पीटर कुक आणि डडली मूर यांचा एक कार्यक्रम होता बीबीसीवर. तो पुसणार हे कळल्यावर कुकनं सांगितलं, टेपांचे पैसे मी देतो, पुसू नका. तरी पुसल्या! स्वतःचं काम विकत घ्यायला निघालेला माणूस, आणि त्याला नाही म्हटलं! पायथनच्याही टेपांवर संक्रांत आली होती. टेरी जोन्स सांगायचा की आतल्या माणसानं वेळेवर कानावर घातलं म्हणून त्या वाचल्या. आणि बॉब मंकहाउस! विनोदी नट, निवेदक, आणि साठवण्याचं व्यसन! फिल्मची रिळं, हजारो टेपा, जे दिसेल ते जपलं. या फिल्मसंग्रहापायी १९७९ साली त्याच्यावर लंडनच्या ओल्ड बेलीत खटलासुद्धा उभा राहिला आणि तो निर्दोष सुटला. २००३ मध्ये गेला आणि मग त्या ढिगातून दुसऱ्या कोणाकडेच नसलेल्या गोष्टी निघायला लागल्या! ज्या छंदापायी कोर्टाची पायरी चढला त्याच छंदासाठी आता लोक त्याला दुवा देतात!

आणि 'डॉक्टर हू', बीबीसीची ती विज्ञानकथांची मालिका! 'डॉक्टर हू'चे नव्वदच्या वर भाग अजून बेपत्ता आहेत, पण प्रत्येकाचा आवाज आहे! प्रत्येकाचा! कारण साठच्या दशकात काही पोरं टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर घेऊन बसायची! त्या पोरांच्या आयांनी "बंद कर ते खटारं" म्हटलं असेल की नाही? आणि चित्रं? फिल्मवर उतरवलेल्या प्रती परदेशी विकायचे, त्या जगभर फिरल्या. १९९२ मध्ये चार भाग हाँगकाँगहून आले. २०१३ मध्ये नऊ भाग नायजेरियातल्या जोस या गावच्या टीव्ही केंद्रातून! फिलिप मॉरिस नावाच्या माणसानं ते हुडकून काढले. आफ्रिकेतल्या एका फळीवर धूळ खात इतकी वर्षं! डब्यावर नाव लिहिलेली चिकटपट्टी, एवढाच काय तो पुरावा! मी त्या चिकटपट्टीचा फोटो बघत बसले होते. फोटो! चिकटपट्टीचा! माझं काही खरं नाही.

आता तुमचं काम. हो, तुम्हालाही कामाला लावणार आहे, फुकट नाही ऐकवलेलं! तुमचे कोणी मामा, काका, आत्याचे यजमान साठ-सत्तरच्या दशकात लुसाकाला, लागोसला, हाँगकाँगला होते का? टीव्हीच्या स्टेशनात, निदान त्याच्या गोदामात, हिशेबखात्यात? नाही म्हणू नका लगेच, आधी फोन करून विचारा! गोल, चपटे, पत्र्याचे डबे. झाकणावर काहीबाही लिहिलेलं. गंजले असले तरी चालतील, वास येत असला तरी चालेल, फक्त तव्यासारखे दिसतात म्हणून कोणी ते भंगारात देऊ नका!

आणि तोवर आज रात्री बघायला बसा. आधी पुस्तकाचं दुकान. मग चार यॉर्कशायरवाले, आईवडील घरात असतील तर त्यांना शेजारी बसवून. आणि मध्येच एखाद्या बारक्या भूमिकेत एरिक आयडल येतो, कोवळा पोरगा, तो ज्याला आधी दिसेल तो जिंकला! दिसला की लगेच मला फोन करा, रात्री दोन वाजले असतील तरी करा, मी जागीच असेन, कारण मंकहाउसच्या त्या हजारो टेपांत नेमकं काय काय होतं त्याच्या मागे मी आत्ता लागलेय आणि माझं जेमतेम पहिलं पान वाचून झालंय आणि मग अजून पीटर कुक राहिलाय आणि मग एमी मॅकडॉनल्डचं तर मी तुम्हाला काहीच सांगितलं नाही!